काळी गाडी, सारवलेलं अंगण

१

पालखी महिपतरावांच्या अंगणात नाचून झाली. महिपतरावांकडून विकत घेत असलेल्या गाडीच्या चाकापुढे स्वरूपनं नारळ वाढवला, सीटवर बसून देवीला हात जोडले आणि चावी फिरवली. काळी सेडान कशीबशी सुरू झाली, दोनदा खोकली, भसकन पांढरा धूर सोडला आणि गप्प झाली. पुन्हा चावी फिरवली तर नुसती खरखर, आणि मग तीही बंद पडली.

आमच्या वाडीचा ढोल वाजवणारा धोंडू हाच आमचा मेकॅनिक. ढोल दुसऱ्याच्या गळ्यात अडकवून तो बॉनेटखाली शिरला. त्यानं फिल्टर सोडवला, त्यातलं इंधन वाटीत काढलं आणि बोट बुडवून नाकाशी नेलं.

"डिझेल नाय ह्ये. पेट्रोल मारलंन कुणीतरी ह्येच्यात."

महिपतराव जणू याच वाक्याची वाट बघत होते. "कुणीतरी कशाला? काल संध्याकाळी गाडी पंपावर कोण घेऊन गेला होता? हाच! डिझेलच्या गाडीत पेट्रोल घालतो, आणि म्हणे मी ड्रायव्हर!"

"मी डिझेलच घातलंय," स्वरूप म्हणाला. "बिल आहे माझ्याकडे."

"नळी कुठली घातलीस ते बिल सांगतं काय? आता ही गाडी तुझी. ठरल्या भावात मुकाट्यानं ने. नाहीतर हा कसला ड्रायव्हर आहे ते अख्ख्या रत्नागिरीत सांगेन."

सगळी वाडी ऐकत होती. त्यात खाडीवरच्या नव्या रिसॉर्टचे मॅनेजरही होते. पाहुण्यांना शिमगा दाखवायला आले होते बिचारे. स्टेशनवरून पाहुणे आणायचं काम ते स्वरूपला देणार होते; अट एकच, गाडी साहेबी हवी, ऐसपैस सेडान हवी. मुंबईत बड्या साहेबांच्या गाड्या चालवून पोरगा गावी परतला होता, तो याच कामाच्या भरवशावर. मॅनेजरांनी बंद पडलेल्या गाडीकडे बघितलं, स्वरूपकडे बघितलं आणि पाहुण्यांना घेऊन पुढे चालते झाले.

ड्रायव्हरची सगळी पुंजी म्हणजे त्याचं नाव. गाडी दुसरी मिळते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल घालणारा म्हणून एकदा नाव पडलं, की त्याच्या हातात चावी कोण देईल?

स्वरूप माझ्याजवळ आला. कपाळाला गुलाल होता, पण चेहरा पार उतरला होता. "बाई, तुम्ही तरी सांगा."

मी मालिनी. या पोराला पाढे मी शिकवलेत. सारा जन्म गणित शिकवण्यात गेला, त्यामुळे रीत न दाखवता कुणी उत्तर ओरडून सांगितलं की माझं डोकं फिरतं. मी फोन काढला आणि भाचीला सांगितलं, असशील तिथून ये.

२

भार्गवी विमा कंपन्यांसाठी अपघाती गाड्या तपासते. गाडी कशी ठोकली याची लोक दहा कहाण्या सांगतात, ती त्यातली एक खरी काढते. चिपळूणला काम होतं, ते उरकून दुपारच्या आत आली. आल्याआल्या माझ्या ओटीवर बसून सोलकढी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, आधी दोन्ही गाड्यांचं सांग. पहिल्यापासून."

दोन्ही म्हणजे, स्वरूपनं दोन गाड्या हेरल्या होत्या. दोन्ही डिझेल, दोन्ही वापरलेल्या, दोन्ही साहेबी थाटाच्या. रुपेरी होती हातखंब्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या बाळाकडे. काळी महिपतरावांची. बघायला दोन्ही वेळा स्वरूपनं मला बरोबर नेलं होतं, कारण मी घासाघीस चांगली करते.

"रुपेरी कशी होती?"

"अगो, नवऱ्या मुलीला दाखवताना मावशीचं नाक सांगू नये, एवढं तरी बाळाला कळायला हवं! दार खरवडलंय, एसी मंद आहे, सगळं स्वतःच सांगत सुटलान. वर म्हणतो, सकाळी लवकर या, इंजीन थंड असताना या. गेलो. सुरू केली तर सुरुवातीला खडखड खडखड. मग लागली नीट चालायला."

"आणि काळी?"

"काळी म्हणजे राणी! आतलं चामडं सुद्धा नव्यासारखं. अर्ध्या चावीत सुरू, आवाज म्हणून नाही. डावीकडच्या टाकीच्या झाकणाचा खटका तेवढा मोडलाय, नखानं उघडतं. बाळासुद्धा त्यावरून चिडवत होता. बाकी नाव ठेवायला जागा नाही. महिपतराव म्हणाले, आठवडाभर जागची हलवलेली नाही, तरी बघा कशी बोलते."

"उभी कुठे होती?"

"मागच्या गोठ्यात, पत्र्याखाली. सकाळच्या गारव्यात त्यांचं मांजर बॉनेटवर पसरलं होतं. मी त्याला हाकललं आणि पिशवी ठेवायला हात टेकला, तर जागा छान ऊबदार. म्हटलं, बरं आहे या मांजराचं."

भार्गवीनं भांडं खाली ठेवलं आणि गालातल्या गालात हसली. तिचं असं हसणं मला ठाऊक आहे. लहानपणी लपवलेला खाऊ सापडला की अशीच हसायची.

"मग काल संध्याकाळी काय झालं?"

"सौदा ठरला. स्वरूप म्हणाला, काका, उद्या पालखी तुमच्याकडे येतेय, तर देवीसमोरच चावी घेतो. महिपतराव जरा घुटमळले. पण देवीला नाही कोण म्हणेल? मग स्वरूपनं शेवटचा फेरफटका मारला, रिकाम्या टाकीची गाडी परत करू नये म्हणून थोडं डिझेल घातलं आणि गाडी आणून अंगणात लावली. मी गेटावरच होते. हा सरळ लावत होता, तर महिपतराव म्हणाले, नको, मागे घे, डावी बाजू पडवीला भिडव, पालखीला जागा हवी."

"सरळ लावली असती तर पालखीला जागा नव्हती?"

मी विचार केला. त्या अंगणात दोन पालख्या नाचतील.

३

हातखंब्याला बाळा रुपेरी गाडीची काच पुसत होता. आम्हाला बघून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"माझ्यावर संशय ना? येणारच. गिऱ्हाईक माझं, ते गेलं काळीकडे. वर काल मी त्यांच्या गेटावर भांडताना चार जणांनी बघितलंय."

"भांडलास कशाला?" भार्गवीनं विचारलं.

"मी स्वरूपला सांगायला गेलो होतो, बाबा घे हवी ती, पण एकदा माझ्यासारखी सकाळी थंड सुरू करून बघ. महिपतराव अंगावर आले. म्हणाले, माझं गिऱ्हाईक फोडतोस?"

"आत गेला होतास?"

"आत? तुळसाबाय अंगण सारवत होती. पाय टाकला असता तर शेणाच्या हातानं थोबाडीत मारली असतीन. मी आपला गेटावरूनच परत."

"झाकणाचा खटका मोडलाय हे तुला माहीत होतं."

"सगळ्यांना म्हायती आहे." बाळाचा आवाज बारीक झाला. "ताई, रात्री येऊन पेट्रोल ओतणं मला जमलं असतं, हे मी नाकारत नाय. पण केलेलं नाय."

परतताना मी म्हटलं, "याच्याकडे कारण आहे, माहिती आहे आणि जीभही लांब आहे."

"जीभ लांब असलेली माणसं मला आवडतात," भार्गवी म्हणाली. "आता पुतण्या."

४

ओमकार हा महिपतरावांचा पुतण्या. मुंबईला असतो, शिमग्याला सुट्टी घेऊन येतो. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या ओट्यावर, विसाव्याला बसली होती. ओमकार जवळच झाडाखाली जनरेटरपाशी बसला होता. त्याच्या शर्टाला पेट्रोलचा वास दहा हातांवरून येत होता.

भार्गवीनं तोंड उघडायच्या आधी तोच उठला. "जनरेटरसाठीचं पेट्रोल आहे. पालखीच्या दिव्यांचं काम माझ्याकडे असतं."

"ठेवतोस कुठे?"

"कॅन काकांच्या पडवीत असतो."

पेट्रोल पडवीत, आणि गाडीची टाकी पडवीला भिडलेली!

"मावशी सांगत होती, काळी गाडी तुला हवी होती," भार्गवी शांतपणे म्हणाली.

"काकांनी गेल्या वर्षी कबूल केली होतीन. मग एकदम म्हणाले, तुला नको, विकतो. वाईट वाटलं. भांडलो पण." त्यानं मान खाली घातली. "पण मी काल दुपारीच पालखीबरोबर निघालो. रात्री सगळे खांदेकरी इथेच झोपतात. पालखी सोडून घरी जायची रीत नाही आमच्यात. विचारा कुणालाही."

मी विचारलं. गुरवापासून ढोलवाल्यांपर्यंत सगळ्यांनी मान डोलावली. ओमकारचं घोरणं कुणालाच विसरता येत नव्हतं.

"आज सकाळी पालखीबरोबर घरी गेलास, तेव्हा कॅन बघितलास?"

"उचलला. काल भरून ठेवला होता, आज हलका लागला. मला वाटलं, काकांनी फवारणीच्या पंपात घातलं असेल."

भार्गवीनं माझा हात दाबला. "मावशी, चल. अंगण सारवणारीला भेटायचंय."

५

तुळसा विहिरीवर हात धुत होती. तिच्या सारवणाचा तिला अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. तिनं सारवलेल्या अंगणावर भाताचे दाणे सांडले तर तसेच उचलून खावेत.

"गाडी लागल्यावर सारवलं की आधी?" भार्गवीनं विचारलं.

"मागनं. गाडीच्या चाकापातूर सारवलं. पडवी न् गाडीच्या मधी माझा हात नाय शिरला, तेवडंच सुकं ऱ्हायलं."

"सकाळी पावलं होती कुणाची?"

तुळसानं कमरेवर हात ठेवले. "पावलं? सारवलेल्या अंगणात पयलं पाऊल देवीचं! तेच्या आदी कोन पाय टाकील? कोंबडीचा पाय पन नव्हता. सगळी वाडी गेटाभाईर हुबी होती, विचारा ह्या बाईंना."

हे मला कुणी विचारायची गरज नव्हती. मी सगळ्यांत पुढे, आरतीचं ताट घेऊन उभी होते. ओलसर हिरवट अंगण, कडेला पांढरी रांगोळी, आणि त्यावर एकही डाग नाही. पालखीच्या खांदेकऱ्यांनी पाऊल टाकलं तेव्हा मला हळहळच वाटली होती.

"पडवीत जायच्या वाटा किती?"

"दोन. अंगणातनं पायरी, न्हायतर घरातनं. घरात महिपतराव येकटेच. मागचं दार सांजपासनं आतनं बंद."

भार्गवी मग धोंडूकडे गेली. सकाळची फिल्टरची वाटी त्यानं तशीच ठेवली होती. तिनं वाटी उन्हात धरून हलवली. तळाशी चांदीच्या वर्खासारखं काहीतरी लकाकलं. मग तिनं फिल्टरच्या घड्या नखानं उलगडल्या. आतही तीच लकाकी, पण काळ्या गाळात घट्ट बसलेली.

"सुटलं," ती म्हणाली.

"मग सांग की!"

"सांगते. पण ज्यांच्यासमोर स्वरूपचं नाव गेलं, त्या सगळ्यांसमोर सांगणार. पालखी सहाणेवरून कधी उठते?"

६

उन्हं कलताना सहाणेवर सगळी वाडी जमली. रिसॉर्टचे मॅनेजरही पाहुण्यांसह आले होते. मीच त्यांना निरोप धाडला होता, की खरा शिमगा आता आहे. महिपतराव मानकऱ्यांच्या ओळीत बसले होते. स्वरूप सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता.

भार्गवी पुढे झाली. आवाज चढवला नाही, तरी ढोलवाले गप्प झाले.

"स्वरूपनं पंपावर पेट्रोल घातलं असतं, तर कातळसड्याचा उभा चढ चढून गाडी घरापर्यंत आली नसती. वाटेतच बसली असती. म्हणजे पेट्रोल पडलं गाडी अंगणात लागल्यावर. ओतणाऱ्याला टाकीपर्यंत पोचायचं होतं. अंगणातून गेला असता तर सारवणावर पाऊल उमटलं असतं. पाऊल नव्हतं, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. म्हणून बाळा सुटला. मग उरली पडवी. तिथून नुसता हात लांब करून, नरसाळं लावून टाकी भरता येते. पेट्रोलचा कॅनही तिथेच. पण ओमकार रात्रभर इथे, तुमच्यात होता."

सगळ्या माना महिपतरावांकडे वळल्या.

"म्हणजे मी?" ते ताडकन उठले. "माझी गाडी मीच नासवीन? वेड लागलंय काय मला?"

"गाडी आधीच नासलेली होती, काका." भार्गवीनं वाटी पुढे केली. "हा इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा धातूचा चुरा आहे. पेट्रोलनं पंप झिजतो, खरं आहे. पण सकाळी गाडी दोनदा खोकून बंद पडली. तेवढ्यात एवढा चुरा पडत नाही, आणि पडला तरी गाळात असा थिजत नाही. हा महिनोन्‌महिन्यांचा आहे. तुमची गाडी थंड असताना सुरू व्हायला रडते. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तुम्ही ती गरम करून ठेवायचात."

"पुरावा काय?"

"तुमचं मांजर."

लोक हसले. महिपतरावही हसायला गेले.

"आठवडाभर न हललेल्या गाडीचं बॉनेट पत्र्याखाली, सकाळच्या गारव्यात गरम कसं? मालिनीमावशीला वाटलं, मांजरामुळे. मांजर लोखंड तापवत नाही, काका. तापलेलं लोखंड मांजराला बोलावतं."

हसू थांबलं. मला मात्र आपल्या हातावर एक छडी मारून घ्यावीशी वाटली.

"सगळं ठीक चाललं होतं," भार्गवी पुढे म्हणाली. "पण स्वरूपनं देवीसमोर चावी मागितली. म्हणजे गाडी रात्रभर अंगणात उभी राहणार आणि सकाळी सगळ्या गावासमोर थंडच सुरू करावी लागणार. चोरून गरम करायची सोय नाही. गाडी रडली असती, सौदा मोडला असता. म्हणून रडण्याचं खापर फोडायला तुम्ही आयतं डोकं शोधलंत. डावी बाजू पडवीला भिडवायला लावलीत, ती त्यासाठीच."

"सगळ्या कल्पना! तू पाहिलंस मला?"

"नाही. पण तुम्ही एक चूक केलीत, आणि ती या वाडीतलाच माणूस करू शकतो. अंगणात चार पावलं उमटवून ठेवली असतीत, तर संशय बाहेरच्यावर गेला असता. बाळा आयताच भांडून गेला होता. चोराला एवढं सुचतं. तुम्हालाही सुचलं असणार. पण देवीसाठी सारवलेल्या अंगणावर तिच्या आधी पाय ठेवायला तुम्ही धजला नाहीत. एका पोराचं नाव बुडवायला धजलात, पण त्या अंगणावर पाय ठेवणं नाही जमलं."

महिपतरावांनी मानकऱ्यांकडे बघितलं. तरी ते बोलले, "मी नाही केलं."

भार्गवी बाजूला झाली. पालखी तिच्या मागेच होती. "मग काका, दांड्यावर हात ठेवा आणि एवढंच वाक्य देवीला सांगा. मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरून माफी मागेन."

महिपतराव पुढे आले. हात उचलला. दांड्यापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला आणि खाली आला. मग ते तिथेच, मातीत बसले.

"चुकलो," ते म्हणाले. "गाडी गळ्यात पडेल म्हणून भ्यालो. ओमकारला दिली नाही, ती नासकी म्हणूनच. घरचं पोर, त्याला कसं फसवू?"

"आणि मला फसवलंत ते चाललं?" मागून स्वरूप म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला होता.

महिपतराव उठले, गर्दीतून वाट काढत स्वरूपपर्यंत गेले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी हात जोडले. "पोरा, तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. माझ्या तोंडून तुझं नाव गेलं, माझ्याच तोंडून परत घे."

गुरवानं मानकऱ्यांकडे बघितलं. म्हाताऱ्या मानकऱ्यानं मान हलवली. "स्वरूप, पुढचा दांडा तू घे आज."

ढोलावर टिपरी पडली. पोरानं दांडा खांद्यावर घेतला आणि काय नाचवली पालखी म्हणून सांगू! गुलाल असा उडाला की समोरचं दिसेना. बाळा बेभान नाचत होता, तुळसा टाळ्या पिटत होती, ओमकार शिट्ट्या घालत होता. मी रडत होते, आणि ते गुलालामुळे नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हातखंब्याला. बाळानं रुपेरीची चावी स्वरूपच्या हातात दिली. "थंड आहे. बॉनेटला हात लावून बघ."

भार्गवीनं खरंच हात लावला, मग गाडीखाली शिरून सगळं तपासलं, तेव्हा कुठे मान डोलावली. गाडी सुरुवातीला खडखडली, मग सुरात आली. तेवढ्यात रिसॉर्टचे मॅनेजर रिक्षातून उतरले.

"काल जे बघितलं ते बघितलं," ते म्हणाले. "पण मला गाडी चालवणारा हवाय, पालखी नाचवणारा नव्हे. हेदवीच्या गणपतीला नेऊन आण. पाहुण्यांना तिथे जायचं असतं. मग बोलू."

ते मागे बसले, शेजारी मी. भार्गवी पुढे. हेदवीचा रस्ता म्हणजे वळणांवर वळणं, चढ सरला की उतार. मी बॅगेत ओवा आणि आवळासुपारी तयार ठेवली होती. त्यांना हातच लावावा लागला नाही. गाडी कधी वळली आणि कधी सरळ झाली हे पोटाला कळत नव्हतं. अर्ध्या वाटेवर मला शेजारून बारीक आवाज आला. बघते तर मॅनेजर काचेला डोकं टेकून गाढ झोपलेले, तोंड उघडं.

स्वरूपनं आरशात बघितलं. गालातल्या गालात हसला आणि पुढचा खड्डा इतक्या हळुवार ओलांडला, की झोपलेल्या माणसाची मानसुद्धा हलली नाही.

देवळाजवळ गाडी थांबली तरी मॅनेजर उठेनात. शेवटी भार्गवीनं दार उघडलं. ते दचकून जागे झाले. "पोचलो?"

"कधीच, साहेब," स्वरूप म्हणाला.

मॅनेजरांनी शर्ट सारखा केला, घड्याळ बघितलं आणि मग स्वतःशीच हसले. वर्षानुवर्षं या रस्त्यावर त्यांना मळमळतं म्हणे. झोप आजच लागली.

"सोमवारी सकाळी स्टेशनवर गाडी लाव," ते म्हणाले. "पहिले पाहुणे तूच आण. आणि त्यानंतरचेही."

मी मागच्या सीटवरून टाळ्या वाजवल्या. देवळातल्या लोकांनी वळून बघितलं. बघू देत! मी आणखी जोरात वाजवल्या.